लाँड्रीच्या फाटकाची किल्ली

"आधी हाक मार, मग कुलपाला हात लाव. किल्ली आपल्याकडे आहे म्हणून घर आपलं होत नाही, समजलं?"

थेल्माच्या आईला जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, पण हा आवाज तिच्या कानात अजून जसाच्या तसा होता. किंचित घोगरा, पिठाचे हात वर धरून कोपराने दार लोटता लोटता बोलल्यासारखा. टॅनर स्ट्रीटच्या किल्ल्या सांभाळण्याचं काम आधी आईकडे होतं. आई गेली आणि कुणी न सांगता ते थेल्माकडे आलं. तिच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक लाकडी फळी होती, फळीला पितळी आकडे, आणि प्रत्येक आकड्यावर गल्लीतल्या कुणा ना कुणाच्या घराची जादा किल्ली. कुणी सुट्टीला समुद्रावर गेलं की त्यांच्या मांजराला दूध घालायचं. कुणी किल्ली आत विसरून पायरीवर कुडकुडत उभं राहिलं की धावायचं. म्हाताऱ्या माणसाचे पडदे दुपारपर्यंत उघडले नाहीत की जाऊन बघायचं. दाराच्या टपालफटीला तोंड लावून मोठ्याने नाव घ्यायचं, जरा थांबायचं आणि मगच किल्ली फिरवायची. हा नेम तिने कधी मोडला नव्हता. रविवारची प्रार्थना एखादे वेळी चुकली असेल, हे नाही.

फळीवरची एक किल्ली मात्र घराची नव्हती. ती होती गल्लीच्या टोकाला असलेल्या जुन्या लाँड्रीच्या फाटकाची.

त्या लाँड्रीत थेल्माचं अर्धं आयुष्य गेलं होतं. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळाचे टॉवेल, वाफेत लाल झालेले बायकांचे चेहरे. मग ती बंद पडली आणि ओसाड झाली. खिडक्या फुटल्या, आत कबुतरांनी बिऱ्हाड केलं, एकदा आगही लागली. सगळ्या कॅल्डरफोर्ड शहरात त्या जागेचं कुणाला काही सोयरसुतक उरलं नव्हतं. मग खालच्या अंगाच्या मुसलमानांनी वर्गणी काढून ती जागा विकत घेतली, तिथे मशीद उठायला लागली, आणि एकाएकी सगळ्यांना लाँड्रीची आठवण यायला लागली.

"मला धर्माशी काही देणंघेणं नाही हो," असं जो तो म्हणायचा. "गाड्या कुठे लावणार, एवढंच म्हणणं आहे."

"आणि ते भोंगे?"

"भोंगा लावणार नाहीत म्हणे. लिहून दिलंय त्यांनी."

"आज नाही लावणार. उद्याचं कुणी बघितलंय?"

"त्यापेक्षा कबुतरं परवडली," असं कुणीतरी म्हणालं, आणि गल्लीतल्या कामगारांच्या क्लबात मोठा हशा पिकला होता. थेल्माही तेव्हा हसली होती. घरी आल्यावर तिला ते हसू गिळलेल्या काट्यासारखं टोचत राहिलं.

घुमटाच्या लोखंडी फासळ्या आकाशात उभ्या राहिल्या तशी भाषा बदलली. दिव्याच्या खांबांवर तांबड्या क्रुसाचे पांढरे, इंग्लंडचे झेंडे चढले. आधी एक, मग सगळ्या खांबांवर. कुणी चढवले हे कुणी विचारत नव्हतं. मग खिडक्यांत छोटे झेंडे आले. ज्या खिडकीत झेंडा नाही तिच्याकडे येणारा-जाणारा मान वळवून बघायचा. बांधकामाच्या ठेकेदाराने भीतीपोटी फाटकाचं कुलूप बदललं. एक किल्ली त्याच्याकडे, एक मशिदीच्या कमिटीतल्या सफदरकडे, म्हणजे शेजारच्या फाहमिदाच्या मुलाकडे, आणि एक थेल्माकडे, कारण काँक्रीटचा ट्रक पहाटे यायचा आणि फाटकाला सर्वांत जवळचं घर तिचंच. तिने ती किल्ली फळीवर लावली, इतर किल्ल्यांच्या रांगेत. तिच्या लेखी तीही एक किल्लीच होती.

रमजान लागला तेव्हा कुणीतरी फाटकाला डुकराची चरबी फासायला लागलं.

पहिल्यांदा थेल्माला कळलंच नाही. कडीला हात लावला तर हात बुळबुळीत झाला. वास घेतला तेव्हा कळलं. थोड्याच वेळात बांधकामावरची मुसलमान माणसं येणार होती, बिचारी उपाशीपोटी, रोज्यात. ती घरात गेली, बादलीत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घेतला, लाँड्रीतला जुना पिवळा साबण घेतला आणि कडी, कोयंडा, सळ्या लख्ख घासून काढल्या. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग तो तिचा रोजचा नेमच झाला. उजाडता उजाडता उठायचं, सिंकपाशी उभं राहून पुटपुटत प्रार्थना म्हणायची, आणि बादली घेऊन बाहेर पडायचं. कुणाला सांगायचं नाही. सांगितलं तर चिघळेल, पोलीस येतील, वर्तमानपत्रात येईल. धुतलं की संपलं, असं तिला वाटायचं.

पण हात बोलतात. शेजारची फाहमिदा एका दुपारी परसदारातून तिच्याकडे आली. दोघींच्या परसांमधल्या भिंतीला एक फट होती, ती त्यांनी मुद्दामच बुजू दिली नव्हती. फाहमिदा गिरणीकामगार बशारतची बायको म्हणून मीरपूरहून या गल्लीत आली तेव्हा पहिला हिवाळा तिने थेल्माच्या शेगडीपाशी काढला होता. तेव्हापासून ती थेल्माला बाजी म्हणायची, थोरली बहीण. बशारत मागल्या वर्षी गेला. मशिदीचा पाया खणलेला बघून गेला, एवढंच.

"हे काय गं बाजी, हात असे का सोललेत?"

"सोड्याने. थंडीत होतं."

"काय धुतेस एवढं? एकट्या बाईचं धुणं ते किती!"

थेल्माला खोटं बोलता येत नसे. खोटं बोलायला गेली की ती चहाचा कप पुसायला लागायची. फाहमिदाने तिच्या हातातून कप काढून घेतला.

"बोल."

"फाटक धुते. कुणीतरी घाण लावून जातं."

"कसली घाण?"

"चरबी." थेल्मा खाली बघत म्हणाली. "डुकराची."

फाहमिदाने कप टेबलावर ठेवला. मग तिने अगदी वेगळंच विचारलं.

"आणि धुतेस कशाने? सोड्याने नुसतं जात नाही ते."

"साबण आहे ना आपला, लाँड्रीतला. खोकंभर पडलाय. चरबीचा असतो, त्याने चरबी चांगली निघते."

"कुणाची चरबी?"

थेल्माचा हात तोंडावर गेला. लाँड्रीच्या साबणात कुणाकुणाची चरबी पडायची हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! साबणासाठी आणलेल्या चरबीचं पिंप उघडताना तिनेच तर पाहिलं होतं. "अरे देवा. फाहमिदा, अगं मी रोज... त्या सगळ्या फाटकाला..."

आणि फाहमिदा हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग ती गुडघा धरून खुर्चीवर वाकून हसत सुटली. "ते एकदा लावतात आणि तू तीनदा! मौलवींना सांगू का? म्हणू, आमच्या बाजीने सगळं फाटक मढवलंय!"

"सांगू नकोस गं!"

"वेडे, अल्लाह काय साबण बघतो?" डोळे पुसता पुसता तिचं हसू विरलं. ती पुन्हा थेल्माच्या हातांकडे बघू लागली. "रोज धुतेस?"

"रोज."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू रोज्यात असतेस."

"रोज्यात माणूस ऐकत नाही का?" ती म्हणाली, पण आवाजात राग नव्हता. डॉक्टरांनी साखरेमुळे रोजे मना केले होते तरी ती चोरून धरत होती, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. थेल्माने तिच्यासमोर चहा प्यायचा टाळला की चिडायची, पी गं, मला काय तपासतेस, म्हणायची. आज तिने थेल्माचा चहा स्वतःच पुढे सरकवला.

"सफदर काल सांगत होता," ती म्हणाली. "ईदची नमाज इथे नाही होणार. पोलीस म्हणाले, धोका आहे. कमिटीने पार पलीकडच्या खेळाच्या हॉलमध्ये ठरवलंय. बायकांनी घरीच पढावी म्हणे."

"बरंच झालं की. तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं नाव नको घेऊस. वर बायकांची जागा झालीय, बाजी. मी पाहिलीय. जमीन घातलीय, खिडकीला काच नाही अजून, पण आकाश दिसतं. चाळीस वर्षं मी शेगडी आणि कपड्यांच्या यंत्राच्या मधे नमाज पढलेय. सजद्यात गेलं की यंत्राची थरथर कपाळाला लागते. बशारत म्हणायचा, तुझी जागा मी बांधून देईन. तो गेला आणि जागा झाली. ईदची नमाज जमातीतच, सगळ्यांबरोबरच असते, मला ठाऊक आहे. मी आपले शुकराण्याचे, आभाराचे दोन रकात पढेन. एवढंच. त्या जागेवर, त्या दिवशी. पुढच्या ईदला मी असेन का, ती जागा असेल का, कुणी सांगावं?"

"सफदरला सांग ना. त्याच्याकडे किल्ली आहे."

"तो देईल? तो मला घरात कोंडून जाईल. पोराच्या डोक्यात भीतीच भीती आहे, त्याचंही चूक नाही. तो ईदला लवकर जाणार आहे, चादरी अंथरायला." ती थेल्माकडे सरळ बघत होती. "किल्ली तुझ्याकडे आहे."

थेल्माने दुसराच एक कप पुसायला घेतला. मग कप खाली ठेवला.

"सूर्य वर आला की मी परसदाराशी येईन," ती म्हणाली. "फाटक उघडेन आणि तुला हाताला धरून जिना चढवेन. बोलले, आता बदलणार नाही."

"बघ हं."

"बोलले ना."

त्यानंतर तीन-चार दिवसांनी थेल्माला ते दिसलं.

ती नेहमीपेक्षा लवकर उठली होती. बादली घेऊन पुढे आली तर धुक्यात फाटकापाशी कुणी होतं. घरातल्या सपाता घातलेला, पाठीत वाकलेला माणूस. हातात लोण्याच्या कागदासारखा कागद. कागद तो कडीवर फिरवत होता. सावकाश, नीट, जणू दाराच्या बिजागरीला तेल देतोय. त्याने मान वळवली. समोर राहणारा आल्फ होता.

याच आल्फच्या बायकोच्या, मार्गरेटच्या, शेवटच्या दुखण्यात थेल्मा रोज किल्ली घेऊन त्यांच्याकडे जायची. तिच्या अंत्ययात्रेनंतरचे सँडविच थेल्मानेच कापले होते. मार्गरेट आणि ती लाँड्रीत एकाच टेबलाशी घड्या घालायच्या.

आल्फने कागद दुमडून खिशात घातला. टोपीला हात लावला, रोज लावायचा तसा.

"गारठा आहे आज," तो म्हणाला.

"आहे खरा," थेल्मा म्हणाली.

आणि तो रस्ता ओलांडून आपल्या घरात गेला. थेल्माने त्या दिवशीही फाटक धुतलं, फाहमिदाने दिलेल्या खोबरेलाच्या साबणाने. कुणी दारूच्या वासाचा, तोंड बांधलेला पोरगा असता तर तिला एवढी भीती वाटली नसती.

त्याच आठवड्यात किल्ल्या जायला लागल्या.

आधी कोपऱ्यावरची बाई आली. कुलूप बदललंय म्हणाली, आता ती किल्ली उपयोगाची नाही, उगाच तुझ्याकडे कशाला गर्दी. मग दुसरी आली, सुनेला एक लागते म्हणाली. तिसऱ्याने आपल्या मुलाला पाठवलं. सगळे हसून बोलत होते. सगळ्यांनी हवापाण्याचं विचारलं. किल्ली का हवी हे कुणी सांगत नव्हतं, आणि थेल्मा विचारत नव्हती. ती आकड्यावरून किल्ली काढायची, फडक्याने पुसायची आणि देऊन टाकायची. फळीवर किल्ल्यांच्या जागी फिकट डाग उरत होते.

आल्फ सर्वांत शेवटी आला. दारातच उभा राहिला.

"किल्ली," तो म्हणाला. "पुतण्या म्हणतोय, त्याच्याकडे असावी."

"तुझा पुतण्या ऑस्ट्रेलियात असतो, आल्फ."

त्याने टोपी सारखी केली. "हो. तिकडेच पाठवतो टपालाने."

थेल्माने किल्ली काढली. त्याने हात पुढे केला, पण तिने लगेच दिली नाही.

"का करतोस रे ते?"

"काय?"

"तुला ठाऊक आहे काय."

आल्फने तिच्या खांद्यावरून आत, फळीकडे पाहिलं. "गिरणी बंद केली, मला विचारलं नाही. चॅपल विकलं, विचारलं नाही. बस बंद केली. मार्गरेटला शेवटी त्या दूरच्या इस्पितळात टाकलं. कुणी एकदा तरी विचारलं का, थेल्मा, की आल्फ, तुला चालेल का?"

"बशारतला तरी कुठे विचारलं होतं? तुझ्याच बाजूच्या यंत्रावर होता की तो. तुमच्या दोघांचं काम एकाच दिवशी गेलं."

"माहीत आहे." तो खाली बघत म्हणाला. "त्याच्या मागे माणसं उभी राहिली. वर्गणी काढतायत, बांधतायत. आपल्या मागे कोण आहे? सलूनवाली बेव्ह आहे एक. निदान ती दार वाजवते." त्याने किल्ली घेतली. "तू मधे पडू नकोस. तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही."

दार लावून घेतल्यावर तिला हळूहळू कळत गेलं, की आल्फला नसलं तरी दुसऱ्या कुणाला तरी तिचं वाईट व्हावं असं वाटत होतं, आणि ती जिन्याच्या पायरीवरच बसली.

फळीवर आता दोनच किल्ल्या होत्या. फाहमिदाची आणि फाटकाची.

मुलाचा फोन आला. क्रेग शहराच्या पलीकडच्या टोकाला राहायचा.

"आई, ईदच्या आधी इकडे ये. दोन दिवस राहा. पोरं विचारतायत."

"पोरं विचारतायत की तू?"

"आई, माझ्या कामावरसुद्धा बोलतायत लोक. टॅनर स्ट्रीटला काहीतरी होणार म्हणून. तुझं नाव निघालं."

"माझं नाव? मी काय केलं?"

"काही नाही केलंस. तेच म्हणतोय मी. काही करू नकोस."

तिने त्याला येते असंही म्हटलं नाही आणि येत नाही असंही नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती हातांना मलम चोळत बसली. खरं सांगायचं तर तिला जावंसं वाटत होतं. क्रेगच्या घरी गरम खोली होती, नातवंडं होती, तिथे कुणाच्या खिडकीत झेंडा आहे नि कुणाच्या नाही हे बघायला कुणी नव्हतं. फाहमिदाला सांगता आलं असतं, बाई गं, सर्दी झाली. फाहमिदाने मान डोलावली असती. एक शब्द बोलली नसती. त्याचीच तिला भीती वाटली.

ईदच्या आदल्या दुपारी बेव्ह आली. केक घेऊन आली.

बेव्हचं सलून पुढच्या गल्लीत होतं. बायकांचे केस कापता कापता सगळ्या गल्लीचं मन तिच्या हातात आलं होतं. फोनवरचा गट तिचा, क्लबातली सभा तिची, झेंडेही बहुधा तिचेच. लहानपणी ती थेल्माच्याच पायरीवर चिंध्यांच्या बाहुल्या खेळली होती.

"थेल्मा मावशी! काय गं, केस किती वाढवलेस. ये ना एकदा, फुकटात बसवते."

"बस. चहा टाकते."

"नको, घाईत आहे." पण ती बसली. तिची नजर फळीवर गेली. "अगंबाई. सगळ्यांनी नेल्या का?"

"नेल्या."

"लोकांचं काय घेऊन बसलीस. घाबरलेत बिचारे. एकदा हे सगळं मिटलं की आपोआप परत येतील, बघ तू. मी सांगेन त्यांना." तिने केकचा तुकडा कापला, स्वतःच बशीत घातला. "उद्या त्यांचं ते आहे ना. ईद."

"चंद्र दिसला तर."

"दिसेल गं. त्यांना हवा तेव्हा दिसतो." ती हसली. थेल्मा हसली नाही. "हे बघ मावशी, तुझ्याकडे मी काही मागत नाहीये. तुझ्यावर काही येऊ नये असंच मला वाटतं. तू आज संध्याकाळी क्रेगकडे जा. किल्ली आहे तिथेच राहू दे, आकड्यावर. मागचं दार नुसतं लोटून ठेव. म्हाताऱ्या बायका विसरतात कुलूप लावायला, कुणी काही म्हणणार नाही. सकाळी येशील तेव्हा किल्ली आपल्या जागेवर असेल."

स्वयंपाकघरात केकचा गोड वास पसरला होता. बाहेर कुणाच्या तरी खिडकीवरचा झेंडा वाऱ्याने फडफडत होता.

"आत काय करणार आहात?" थेल्माने विचारलं.

"कुणाला काही होणार नाही. रिकामी इमारत आहे ती."

"वर जमीन घातलीय त्यांनी. लाकडाची."

"तुला कसं ठाऊक?" बेव्ह म्हणाली. आवाज तोच होता, गोड, पण डोळे थांबले होते.

थेल्मा उठली. तिने आकड्यावरून फाटकाची किल्ली काढली. बेव्हचा हात टेबलावरून किंचित पुढे सरकला. थेल्माने किल्ली स्वतःच्या झग्याच्या खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवून उभी राहिली.

"बेव्हर्ली," ती म्हणाली, हळू आवाजात, लहानपणी रागवायची त्याहूनही हळू. "मी कुणाची किल्ली कुणाला दिलीय का गं कधी? तुझी आई जिवंत असताना तुझ्या बापाने तुमच्या घराची मागितली होती, दारू पिऊन आला होता. दिली का मी?"

बेव्हच्या तोंडावरचा रंग उडाला. मग तिने केकचा डबा बंद केला, झाकण नीट दाबून बसवलं.

"तुला इथेच राहायचंय, मावशी," ती म्हणाली. "मशीद झाली काय, नाही झाली काय. उद्या पडलीस आणि दुपारपर्यंत पडदे उघडले नाहीत, तर बघायला येणार कोण?"

ती गेली. तिने दार आपटलं नाही. अगदी हलक्या हाताने ओढून घेतलं, आजारी माणसाच्या खोलीतून जावं तसं.

थेल्मा त्या रात्री क्रेगकडे गेली नाही. तिने दोन्ही दारांना कड्या घातल्या आणि किल्ली उशीखाली घेऊन पडली. कधीतरी परसदार कुणी बाहेरून लोटून पाहिलं आणि सोडून दिलं. त्यापलीकडे काही झालं नाही.

सकाळी गल्लीत बेकनचा, परतलेल्या डुकराच्या मांसाचा वास होता.

ती उठून वरच्या खिडकीशी आली आणि पडदा बोटभर सारला. ऊन अजून कौलांवरून खाली उतरलं नव्हतं. लाँड्रीच्या फाटकासमोर घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, नदीवर गळ टाकून बसायला नेतात तसल्या. त्यांच्यावर माणसं बसली होती, शांत, आरामात. कुणाच्या मांडीवर चहाचा थर्मास, कुणाच्या गुडघ्यांवर चौकड्यांची घोंगडी. फाटकाच्या अगदी मधोमध आल्फ. बेव्ह चंदेरी कागदात गुंडाळलेले बेकनचे पाव एकेकाच्या हातात देत फिरत होती. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. पोलिसांची एक गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, थांबली. कुणीतरी आतल्या माणसाला चहा दिला. गाडी निघून गेली.

गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, आणि प्रत्येक पडद्यात एक बोटभर फट होती.

सफदरची टॅक्सी घरासमोर नव्हती. चादरी अंथरायला तो गेला होता.

थेल्मा खाली आली. चहा केला आणि उभ्यानेच प्यायली. सिंकपाशी डोळे मिटून प्रार्थनेला उभी राहिली, पण रोजचे शब्द आठवेनात. फाटक उघडू दे, असं काही तिने मागितलं नाही. आवाज थरथरू नये, एवढंच मागितलं. मग कप धुऊन पालथा घातला. चॅपलला घालायचा निळा कोट चढवला, वरपर्यंत गुंड्या लावल्या. उशीखालची किल्ली आणून कोटाच्या खिशात टाकली. किल्ली अजून उबदार होती.

फाहमिदा भिंतीच्या फटीपाशी आधीच उभी होती. फिकट हिरवी नवी ओढणी, डोळ्यांत सुरमा, हातात काठी. तिने वास घेतला होता, तिच्या नाकपुड्यांवरून ते कळत होतं.

"किती जण आहेत?" तिने विचारलं.

"आल्फ आहे."

"आणि?"

"आणि खुर्च्या आहेत."

फाहमिदाने ओढणी डोक्यावरून जरा पुढे घेतली. "तू नाही म्हणालीस तरी चालेल, बाजी. मी रागावणार नाही."

"ईद मुबारक," थेल्मा म्हणाली. हे शब्द तिला नीट यायचे नाहीत. आजही ते जरा वाकडेच आले. "हात दे. दगड ओले आहेत."

फाहमिदाने हात दिला. थेल्माने परसाचं लाकडी दार उघडलं आणि दोघी बोळातून, गुडघा सांभाळत, रस्त्याच्या दिशेने चालायला लागल्या.